ढगातली पाती

इन्शाला लहानपणापासून एक खोड होती. समोर नसलेली वस्तू तिला दिसायची. केडगावच्या घरात अम्मी स्वयंपाकघरातून हाका मारून दमायची आणि ही खिडकीत बसून भलत्याच मुलखात पोचलेली असायची. "कुठं हरवतेस गं पोरी?" हा अम्मीचा, बद्रुन्निसाचा, उठता-बसता एकच प्रश्न.

अशी मुलगी हिशेब तपासायच्या वाटेनं गेली, याचं तिच्या अब्बांना मोठं नवल वाटलं. अलीमभाईंचं स्टँडजवळ फ्रीज दुरुस्तीचं दुकान. लेकीला पुण्यातल्या एका बड्या ऑडिट फर्ममध्ये इंटर्नशिप मिळाली तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले, आणि ती बॅग भरत असताना हळूच विचारलं, "बेटा, तिथं डोकं ठिकाणावर ठेवावं लागतं. जमेल ना?"

जमत होतं. काचेच्या उंच इमारतीत, गार हवेत, ती दिवसभर स्क्रीनपुढे बसायची. कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या मालमत्तेच्या याद्या पुढ्यात यायच्या. बॉयलर, ट्रक, शीतगृहं. बिलाशी जुळवायचं आणि बरोबरची खूण करायची. पण खूण करता करता बॉयलर धापा टाकायला लागायचा, शीतगृहाचं दार उघडून पायांशी धुकं यायचं. तिची सीनियर रोहिणी हिनं एकदा तिला असं टक लावून बसलेलं पकडलं. रोहिणी रागावली नाही. म्हणाली, "स्वप्नं बघ की. फक्त ती कामाच्या कागदात उतरवू नकोस. तिथं पाहिलं तेवढंच लिहायचं."

श्रावणात इन्शाला पहिल्यांदाच बाहेरचं काम मिळालं, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात. पारनेरच्या बाजूला एका पठारावर एका कंपनीच्या पवनचक्क्या होत्या. यादीतल्या चक्क्या खरोखर उभ्या आहेत का, चालू आहेत का, ते डोळ्यांनी बघून यायचं होतं.

गाडी घाट चढून वर आली तेव्हा पठार ढगात बुडालेलं होतं. गवत ओलंचिंब, त्यात सोनकीची पिवळी फुलं, आणि समोर पांढऱ्याशिवाय काही नाही. त्या पांढऱ्यातून रेनकोट घातलेला एक माणूस पुढे आला. हा साइटवरचा सुपरवायझर सुनील, पठाराखालच्याच गावचा. रोहिणी गाडी घेऊन पश्चिमेच्या कडेला गेली आणि इन्शा सुनीलच्या जीपमध्ये बसून पूर्वेकडे.

एकेका चक्कीशी जीप थांबायची. इन्शा उतरून खांबाच्या दारावरचा नंबर यादीशी ताडायची, मग मान वर करून वाट बघायची. वाऱ्यानं ढग जरा विरळ झाला की वरून एक भलंमोठं पातं सावकाश खाली यायचं आणि पुन्हा पांढऱ्यात शिरायचं. मग दुसरं. आभाळात कुणी नाव वल्हवतंय आणि आपण पाण्याच्या तळाशी उभ्या आहोत, असं तिला वाटायचं. फोटो काढून झाला की ती खांबाला तळहात लावायची. आत कुणीतरी लांबच लांब घुमत असायचं. मांजराच्या अंगावर हात ठेवल्यावर लागते तसली घुरघुर. कामाचा तो भाग नव्हता, पण तिला हात काढवत नसे.

शेवटची चक्की अगदी कड्याजवळ होती. तिथं ढग इतका दाट होता की खांब माणसाच्या दुप्पट उंचीवरच नाहीसा झाला होता. सुनील जीपमधून उतरलाच नाही.

"मॅडम, हीपण चालूच आहे. आवाज येतोय ना? लिहून टाका. खाली गेल्यावर गरम भजी सांगतो."

आवाज येत होता. व्हूंऽऽ... व्हूंऽऽ... इन्शानं वर पाहिलं आणि तिला पाती दिसली. पांढरी, ओली, डौलात फिरणारी. तिनं पेन उघडलं. सवयीनं दुसरा हात खांबाला लावला.

खांब गप्प होता.

तिनं कान लावला. आतून काही नाही. बाहेरून ओघळणाऱ्या थेंबांची तेवढी टपटप. आवाज मागच्या चक्कीचा होता, वाऱ्यावर बसून इकडे आलेला. तिनं पुन्हा वर पाहिलं. पाती अजून फिरत होती, पण आता तिला कळलं की ती ढगात नाहीत, आपल्या डोळ्यांत आहेत.

"मी थांबते," ती म्हणाली.

"कशाला?"

"ढग हटेपर्यंत."

"आवो मॅडम, शिरावनाचा ढग हाय ह्यो. लई हट्टी. आज काय हटायचा न्हाई." सुनीलची शहरी बोली एकाएकी गळून पडली होती.

खांबाच्या आडोशाला एक म्हातारी डोक्यावरून घोंगडी घेऊन बसली होती. कडूबाई तिचं नाव. भोवती तिच्या शेळ्या. इन्शा शेजारी जाऊन टेकली.

"मावशी, ही चक्की फिरते का हो?"

"मला काय ठावं? म्या कशाला वर बघू? वर बघाय गेलं तर खाली शेळी जाती कड्यावरनं." कडूबाईनं घोंगडीतून मूठभर शेंगा काढून तिच्या ओंजळीत घातल्या. "तू कशाला बसलीस?"

"वर काय आहे ते बघायला."

"आन बघून?"

"लिहायचंय."

"मंग बस."

दोघी शेंगा सोलत बसल्या. ढग त्यांच्या अंगावरून, शेळ्यांच्या पाठीवरून, फुलांवरून वाहत होता. इन्शाला केडगावचं दुकान दिसलं, फ्रीजच्या पाठीशी कान लावून बसलेले अब्बा दिसले. येऊ दे, जाऊ दे. आज ती स्वप्नांना अडवत नव्हती आणि त्यांच्यामागे जातही नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. एक शेळी तिच्या गुडघ्याला टेकून झोपली.

मग वाऱ्यानं एकदम कूस बदलली. कड्यापलीकडून ऊन आलं, ढग उसवत गेला आणि खांब हळूहळू उंच होत होत टोकापर्यंत उघडा पडला. वर पाकळ्या खुडलेल्या सूर्यफुलासारखं नुसतं डोकं होतं. एकही पातं नव्हतं.

"अगं बया!" कडूबाईनं आज पहिल्यांदाच वर पाहिलं असावं.

इन्शानं फोटो काढले. वळून बघते तर सुनील मागे उभा, टोपी हातात.

"वळवात ईज पडली," तो म्हणाला. "येक पातं फाटलं. दोन उतरवून दुसरीकडं लावली. वरनं सांगितलं, चालूच दाखवा, नवी येनार हायेत. मी काय करू?"

"हे तुम्ही सांगितलंत, असं लिहू का?"

सुनीलनं वरच्या त्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं आणि टोपी पुन्हा घातली. "लिहा," तो म्हणाला. "नावानिशी लिहा. मलाबी रोज खोटं बोलायचा वीट आलाय."

रोहिणी आली, तिनं सगळं ऐकलं, फोटो पाहिले. परतीच्या वाटेवर इन्शानं तिला सांगून टाकलं, "मॅम, मी खूण करणारच होते. मला पाती दिसली होती."

रोहिणी हसली नाही. "मग?"

"हात लावून बघितला."

रोहिणीनं मान डोलावली आणि ड्रायव्हरला काचा खाली करायला सांगितल्या. मागे अख्खं पठार उन्हात फिरत होतं.

पुढे पुण्यात बैठका झाल्या, कंपनीच्या साहेबांनी आधी हात झटकले, मग ती चक्की चालू यादीतून काढली. सुनीलची नोकरी टिकली. सगळं लेखी आल्यावर त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. इंटर्नशिप संपल्यावर फर्मनं इन्शाला ठेवून घेतलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती दुकानात बसली होती, तेव्हा सुनीलचा व्हिडिओ आला. क्रेनला टांगलेलं एक नवंकोरं पातं निळ्या आभाळात झुलत वर चाललं होतं. तिनं तो अब्बांना दाखवला. अलीमभाईंनी चष्मा वर करून निरखून पाहिला.

"बसवलं का मग? फिरतंय?"

"ते यात नाही, अब्बा."

अलीमभाईंनी हात पुसले, स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढली. "चल," ते म्हणाले, "बघून येऊ."

इन्शा उठली आणि दुकानाचं शटर ओढायला पुढे झाली.