झाकणावरचं पान

थिंगवेईदादा शांघायहून आला तो घोषणा करतच. "आहाहा! छंग्दूची हवासुद्धा आळशी आहे!" हे वाक्य त्याने विमानतळाच्या दारातच तीनदा म्हटलं, कारण पहिल्या दोन वेळी त्याचे केस कॅमेऱ्यात नीट आले नव्हते.

कॅमेरा धरला होता युनश्यूने. वय वर्षं पंधरा, नात्याने लांबची बहीण, आणि रविवार वाया गेलेला. दादाला 'संथ शहरातला एक दिवस' नावाचा व्हिडिओ करायचा होता. त्याचे लाखो चाहते म्हणे शांघायच्या धावपळीत पिचून गेले होते, आणि त्यांना निवांत कसं जगतात ते दाखवायची जबाबदारी नियतीने याच्या खांद्यावर टाकली होती. नियतीने त्याचं सामान मात्र युनश्यूच्या खांद्यावर टाकलं होतं.

"इथे कुणालाच कसली घाई नसते ना?" नूडल्सच्या दुकानात दादाने विचारलं.

"ए, उठतोयस का? मागे लोक उभे आहेत!" पलीकडची बाई ओरडली. दादाने तेवढं नंतर कापून टाकायचं ठरवलं.

खरी गोष्ट ही, की या शहरात निवांत बसायचं असेल तर आधी जिवाच्या आकांताने धावावं लागतं. युनश्यूची आजी त्या दिवशी उजाडायच्या आत बागेतल्या चहाच्या अड्ड्यावर पोचली होती आणि तळ्याकाठचं, जिंकोच्या झाडाखालचं टेबल तिने दोन म्हाताऱ्यांना कोपर मारून मिळवलं होतं. कारणच तसं होतं. तीन वर्षांपूर्वी याच टेबलावर, माजाँगच्या ऐन डावात, आजीची जिवाभावाची मैत्रीण शूचेन ताडकन उठली होती आणि सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "तुझ्या बाहीत सोंगटी आहे!" तेव्हापासून अबोला. भाजीबाजारात समोरासमोर आल्या तर दोघी कोबीकडे बघत. आणि परवा अचानक शूचेनचा निरोप आला: रविवारी चहाला येते, आपलं ते टेबल धरून ठेवशील तर.

"टेबल गेलं तर ती दारातूनच मागे फिरेल," आजीने युनश्यूला बजावलं. "म्हणेल, हिला माझी किंमतच नाही. मी केस सेट करून येते. तोवर हलायचं नाही. कळलं?"

"कळलं गं आजी. लढून मरेन, पण टेबल सोडणार नाही."

"मरू नकोस. बसून राहा."

युनश्यू बसली. शेजारी दादा बसला. टेबलावर झाकणाचे दोन पेले होते, आजीचा आणि शूचेनचा, आणि दोन्ही झाकणांवर जिंकोचं एकेक पान. चहाच्या अड्ड्यावर हे पान म्हणजे कुलूपच. 'मालक येतोय, हात लावू नका.' पान असेल तर माणूस तासभर गायब झाला तरी त्याच्या खुर्चीला कुणी शिवत नाही. इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. म्हणूनच युनश्यूने दादाला ते सांगितलं नाही. चहा तोंडाने प्यायचा असतो, हे कुणी कुणाला सांगतं का?

मग तिला आठवलं, शूचेनआजीला गुळाच्या पाकातले चिकट तांदळाचे गोळे फार आवडतात. ते विकणारी हातगाडी तर बागेच्या फाटकाशीच होती.

"दादा, मी आलेच. तू इथून उठू नकोस हं."

"अगं, मी इथे आळस शिकायलाच आलोय," दादाने पाय पसरले. "उठतोय कशाला?"

ती परतली तेव्हा तिच्या हातात गरम गोळे होते आणि टेबलावर चार अनोळखी काका माजाँग खेळत होते. दणादण सोंगट्या आपटत.

"काका! हे आमचं टेबल आहे!"

"कुठे लिहिलंय?" एका काकांनी मानही वर केली नाही.

"पेल्यांवर पानं होती!"

"पानं?" मागून लांब चोचीची किटली घेऊन तांगकाका आले. या अड्ड्यावर चहा ओतण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. "पोरी, झाकणं उलटी करून पेल्यात घातलेली होती. म्हणजे झालं आमचं, उचला. मी उचलले."

युनश्यूने चौफेर नजर फिरवली. दादा तळ्याकाठीच चार टेबलं पलीकडे बांबूच्या खुर्चीत मान वाकडी करून बसला होता आणि अड्ड्यावर पैसे घेऊन गिऱ्हाइकांचे कान कोरणारे काका त्याच्या कानात पिसाची बारीक काडी फिरवत होते. कॅमेरा तिपाईवर सुरू.

ती धावत गेली. "दादा! झाकणांचं काय केलंस?"

"अगं, त्यांच्यावर कचरा पडला होता, तो काढला," दादा डोळे मिटून म्हणाला. "मग झाकण आत उलटं ठेवलं. कमळासारखं दिसत होतं! काय फ्रेम मिळालीय!"

"तू उठलासच कशाला?"

"इकडे उजेड चांगला होता ना."

"हलू नका हो," कानवाले काका म्हणाले. "पडदा फाटेल."

तेवढ्यात आजी आली. केस नुकत्याच फुगलेल्या पावासारखे. तिने काकांनी भरलेलं टेबल पाहिलं, युनश्यूचा चेहरा पाहिला, आणि तिचे खांदे एकदम उतरले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच पर्सचा पट्टा गच्च धरून उभी राहिली. आणि तिच्या मागे, नवाकोरा जांभळा कोट घालून, शूचेन.

"अस्सं," शूचेन टेबलाकडे बघत म्हणाली. "वाटलंच होतं मला."

ती वळलीसुद्धा. युनश्यू सगळ्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "शूचेनआजी, थांबा! टेबल पहाटेपासून धरलेलं होतं, पानं ठेवून! या माणसाने पानं उचलली आणि झाकणं उलटी करून पेल्यात घातली!"

शूचेन थांबली. हळूच फिरली. "पेल्यात? उलटी?"

"फोटोसाठी."

दादाने एक डोळा उघडला आणि नको तेव्हा शहाणपणा पाजळला. "आज्यांनो, एका टेबलासाठी कशाला चिडायचं? संथ शहरात राहता तुम्ही! हे गेलं तर दुसरं मिळेल."

काकांच्या टेबलावर सोंगट्या आपटायच्या थांबल्या.

"हा कुठला नग?" शूचेनने आजीला विचारलं. तीन वर्षांतला पहिला प्रश्न.

"माझ्या बहिणीचा नातू. शांघायचा."

"तरीच. डोक्यात हवा, आणि तीही बाहेरून भरलेली."

"बघ ना! काळोखात उठले मी, आणि हा म्हणतो दुसरं मिळेल!"

"दुसरं! अरे सुकलेल्या मुळ्या, दुसरं टेबल तुझा आजोबा आणणार का झाडावरून?"

"आजोबाही असलाच होता," आजी म्हणाली. "लग्नातसुद्धा वाडगा उलटा धरला होता त्याने."

"आणि ही बाई," शूचेनने आजीकडे बोट केलं, "चिकट आहे, हट्टी आहे, बाहीत सोंगट्या लपवते. पण जागा धरते म्हणाली तर धरते! तिचा शब्द तू कमळात बुडवलास!"

"बाहीत काही नव्हतं," आजी पुटपुटली.

"होतं."

"चहा घेणार का?"

"घेईन की. होतं पण."

दादाला पळता येईना, कारण काडी अजून कानातच होती आणि कानवाल्या काकांना भांडण अर्धवट सोडवेना. तांगकाकांनी न विचारता दोन खुर्च्या आणून दादाच्या दोन्ही बाजूंना मांडल्या. टेबल उरलं नव्हतं, म्हणून कॅमेऱ्याची महागडी पेटी आडवी केली आणि तिच्यावर दोन पेले ठेवले. चिकट गोळे दादाच्या मांडीवर. तिथून जो पाक ओघळला तो कुणी पुसला नाही.

"व्हिडिओत हे चालेल," दादा क्षीण आवाजात म्हणाला. "शीर्षक देतो, प्रेमळ आज्यांचे आशीर्वाद."

"दे की," युनश्यू म्हणाली. "खाली पहिली प्रतिक्रिया माझी."

दोघी पेला संपेपर्यंत त्याच्या डोक्यावरून बोलत राहिल्या. कोबीबद्दल, गुडघ्यांबद्दल, तीन वर्षांत मेलेल्या सगळ्यांबद्दल. मग शूचेन उठली. "चल, तळ्याला एक फेरी मारून येऊ."

"आणि जागा?" आजीने काकांच्या टेबलाकडे संशयाने पाहिलं.

शूचेनने खाली पडलेलं जिंकोचं एक पिवळं पान उचललं, फुंकरलं, आणि थिंगवेईदादाच्या सेट केलेल्या केसांवर नीट मधोमध ठेवलं.

"तांग," ती ओरडली, "याला उचलू नकोस हं. आम्ही येतोय."