मदत लागेल, पत्ता देवळाचा

सरकारने देशभर आपत्तीचा धोका मोजायची नवी पद्धत आणली आणि तिचा अर्ज समुद्रकाठच्या त्या वस्तीतही घरोघर आला. चौकटी दोनच : 'मदत लागेल' आणि 'मदत करीन'. सोबतच्या नकाशावर छापलेलं होतं, भूकंपानंतर बारा मिनिटांत लाट. चिनात्सुने ती बारा मिनिटं पन्नासदा मोजली. कडेवर सात महिन्यांची मोने, नवरा मासेमारीच्या बोटीवर. तिने निमूट 'मदत लागेल'वर खूण केली.

बाकी एकतीस घरांत सगळी सत्तरी-ऐंशीची माणसं. पण दुसऱ्याला आपला त्रास झालेला तिथे कुणालाच खपत नाही. एकतीसच्या एकतीस जणांनी 'मदत करीन' लिहिलं. दोन्ही गुडघे बदललेल्या होंजो आजोबांनीसुद्धा! संगणकाने मुकाट्याने ते सगळे मदतनीस म्हणून चिनात्सुला नेमून दिले.

लाटेपासून पळायच्या सरावाच्या सकाळी भोंगा वाजला आणि तिच्या दारात काठ्या नि वॉकरची ही गर्दी.

"घाबरू नकोस पोरी, आम्ही आलोय!" होंजो आजोबा धापा टाकत म्हणाले.

"आधी तुम्ही बसा हो, आजोबा!"

"बाळाला मी घेते," ओगुरा आजी पुढे सरसावल्या.

"तुम्ही? परवा मुळा उचलताना कंबर धरली होती ना?" शेजारीण म्हणाली.

वरात टेकडीवरच्या देवळाकडे निघाली. पायऱ्यांशी पुन्हा घोळ. "आधी तुम्ही." "छे छे, मान तुमचा." वाकून वाकून नमस्कार. मधोमध कोंडलेली चिनात्सु मोनेला घेऊन वर पोचली तेव्हा अठरा मिनिटं झाली होती.

"अर्जच चुकलेत," नगरपालिकेचा माणूस म्हणाला. "तुम्हा सगळ्यांना 'मदत लागेल'मध्ये घालतो."

"मग मी घरीच बुडेन," होंजो आजोबा म्हणाले. "पण कुणाच्या पाठुंगळी बसणार नाही."

बाकीच्या तीस माना डोलल्या.

चिनात्सुने एकदा त्या पायऱ्यांकडे पाहिलं, एकदा आजोबांच्या गुडघ्यांकडे. "साहेब, दुरुस्ती माझ्या अर्जात करा. मदत लागेलच, फक्त पत्ता बदला."

"काय लिहू?"

"देवळाचं अंगण. भोंगा झाला की मी पळत तिथेच जाणार. आणि वर एकटी असले की मला फार भीती वाटते हो."

पुढच्या सरावाला ती मोनेला पाठीशी बांधून चार मिनिटांत वर पोचली आणि कठड्यावरून ओरडली, "आजोबा, आजी, लवकर या ना!"

या वेळी पायऱ्यांशी कुणी कुणाला मान दिला नाही. चक्क ढकलाढकली झाली. शेवटची काठी वर टेकली ती साडेदहाव्या मिनिटाला.

होंजो आजोबा दगडावर बसकण मारत म्हणाले, "बघ! आम्ही नसतो तर काय झालं असतं तुझं?"

"खरंच हो," म्हणत चिनात्सुने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि मोनेला त्यांच्या नव्या गुडघ्यांवर बसवलं.