उपाशीपोटी या

दवाखान्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, उपाशीपोटी या, फक्त पाणी चालेल. घरात वाचता मलाच येतं, म्हणून मीच निकानोरला वाचून दाखवलं. खाली आणखी एक ओळ होती, कोणतीही नशा केलेली नसावी. तिच्यावर आम्ही दोघं हसलो. माझा नवरा लग्नकार्यातसुद्धा मक्याच्या दारूचा पेला नुसता ओठाला लावून खाली ठेवणारा. त्याला कसली आलीय नशा!

त्याला शागासचा आजार होता. आमच्या मातीच्या भिंतींत विंचुका किडे राहतात. ते झोपेत चावतात आणि वीस-तीस वर्षांनी माणसाचं काळीज सुजतं. निकानोर बेचाळीसचा, पण बटाट्याचं पोतं उचललं की भिंत धरायचा. कोचाबांबा शहरातल्या एका इस्पितळात नव्या औषधाची चाचणी होणार होती. चाळीस माणसं घ्यायची होती, एकोणचाळीस भरली होती. तपासण्यांत पास झाला तर चाळिसावा तो. शनिवारी यादी बंद.

गुरुवारी पहाटेची बस धरली. आदल्या संध्याकाळपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नाही. घाट लागला तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला, हात कापायला लागले.

"कासिल्दा, मला नाही निभणार. पुढच्या थांब्यावर वाटीभर सूप पितो."

"पी ना! आणि ये तसाच हात हलवत घरी." मी कमरेची कोकाच्या पानांची पुरचुंडी सोडली. "हे घे, पान धर गालात."

"दोन महिने झाले पान सोडून. छातीत धडधडतं माझ्या. आणि काही खाऊ नको म्हणालेत ना ते?"

"अरे बावळटा, कोकाचं पान म्हणजे काय खाणं आहे? गिळायचं थोडंच आहे? तुझा बाप यावरच दिवसभर नांगर धरायचा."

मी एकेक पान निवडलं, देठ काढले, पानाला रस सुटावा म्हणून सोबत राखेचा खडा दिला. तासाभरात त्याचे हात थांबले, डोळ्यांत धुगधुगी आली. उतरण्याआधी त्यानं चोथा थुंकला, चूळ भरली. मी काय तोऱ्यात होते म्हणून सांगू! उपासही मोडला नाही आणि माणूसही उभा राहिला.

इस्पितळात त्याचं रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला, काळजाची पट्टी काढली. सहा मिनिटं चालवलं, तेव्हा मी बाकावर बसून त्याची पावलं मोजली. सगळ्यांत पास. शेवटी लघवीची बाटली.

डॉक्टरीणबाई पेरेदो आमच्याच बोलीत बोलणारी, मायाळू. ती कागद घेऊन आली आणि समोर बसलीच.

"निकानोर, तुम्ही पान खाल्लंत का?"

मी तोंड उघडणार, तोच त्यानं माझा गुडघा दाबला. "हो बाई. जुनी सवय आहे माझी."

"चिठ्ठीवर लिहिलं होतं ना, नशा नको म्हणून?"

"पान कुठे नशा आहे?" मी ओरडलेच. "तुमच्या आईला विचारा!"

"माझी आई रोज सकाळी पानाचाच चहा पिते हो." तिनं मान खाली घातली. "पण तपासणीत पान आणि कोकेन एकच दिसतं. नियम परदेशातून येतात. एका माणसाला एकदाच तपासायचं, दुसऱ्यांदा नाही. मी फोन करून पाहिला, ते ऐकत नाहीत."

मी तिचे पाय धरले. तिनं मला उठवलं आणि तीही रडली. तिच्या रडण्याचा मला काय उपयोग?

बसमध्ये मी म्हणाले, "निकानोर, मला शिव्या दे. मार मला."

"गप बस गं. आता तरी सूप पाज." एवढंच बोलला तो. गावात त्यानं सांगितलं, आम्ही पोचायच्या आधीच जागा भरली होती. मीही मान डोलावली.

पाच महिन्यांनी तो खळ्यावर पडला, तो उठलाच नाही. चाचणीत अर्ध्यांना नुसत्या साखरेच्या गोळ्या देणार होते म्हणे. त्यालाही साखरच मिळाली असती, असं मी मनाला समजावते. मन काही ऐकत नाही.

मातीहून परतल्यावर रिवाजाप्रमाणे अंगणात पानांची चादर पसरली. जो तो मूठभर घेऊन निकानोरच्या नावानं चघळत होता. माझी सासू साटुर्निना वाकत वाकत माझ्याजवळ आली. तिनं ओंजळभर पानं माझ्या पदरात टाकली.

"घे गं पोरी, कालपासून उपाशी आहेस. बसमध्ये तू पान दिलंस म्हणून तग धरला, असं सांगायचा तो मला. शेवटपर्यंत तुझं कौतुक करत होता."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पानं तोंडात घातली.