डाव्या हाताची नीळ

सुनेला वाटतं मी तिचं वाटोळं केलं. वाटू दे. नाकापेक्षा मोती जड झाला की नाक फाटतं, आणि इथं नाक माझं होतं.

आमचा धंदा कापड निळीत रंगवायचा. पुढे दुकान, मागे तीन पिंपं. सून विद्यापीठात शिकायची. प्रबंधाला जगात विषय मिळाला नाही म्हणून सासूचं पिंप घेतलं. वही घेऊन माझ्यामागे फिरायची. मी कापड रंगवायची, ती कागद.

"आई, हे सगळं तुम्हाला शिकवलं कोणी?"

"का? पोलिसात द्यायचंय?"

"तसं नाही हो. जे ज्याचं, त्याचं नाव खाली टीप देऊन लिहावं लागतं. नाहीतर चोरी धरतात."

"मग लिही माझं. कोणी नाही शिकवलं. माझं मीच."

तिनं लिहिलं. शिकलेली माणसं लवकर विश्वास ठेवतात.

शिकवलं होतं थोरल्या जावेनं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला निळ्या-काळ्यातला फरक कळत नव्हता. पण गिऱ्हाईक आलं की तिलाच विचारायचं. विधवा, मूल ना बाळ, उजवा हात लहानपणी मोडून वाकडा जुळलेला, आणि मान तिला. नवऱ्याच्या कानाशी लागून मी तिला तिच्या भावाकडे धाडली. भावानं वृद्धाश्रमात टाकली. गेली तेव्हा निरोप आला होता. दुकानात गर्दी होती.

प्रबंध दिल्यावर तीन आठवड्यांनी सून घरी आली ती भिंतीसारखी पांढरी होऊन.

"आई, कॉम्प्युटरनं माझी अकरा पानं पकडली."

चाळीस वर्षांपूर्वी विद्यापीठातली कोणी बाई रंगाऱ्यांशी बोलून अहवाल लिहून गेली होती. तो ग्रंथालयात धूळ खात पडलेला, आता कॉम्प्युटरवर चढवला. त्यात आमच्याच गल्लीतली एक रंगारीण बोलते. नाव नाही. बोलणं मात्र तेच. 'पिंप म्हणजे बाळंतीण. वारा लागू द्यायचा नाही, पण एकटीला सोडायचंही नाही.' हे वाक्य मी जन्मभर गिऱ्हाइकांना ऐकवलंय. माझं म्हणूनच.

"त्यांना वाटतंय मी अहवालातून उतरवलं आणि तुमच्या तोंडी घातलं," सून म्हणाली. "ह्यांच्या बोलण्यात येतात त्या थोरल्या सासूबाईच ना? तुम्ही चौकशीला येऊन एवढंच सांगा, की त्यांच्याकडून शिकलात. एक टीप बदलेल, संपलं. नाहीतर माझी सहा वर्षं पाण्यात."

"येते की," मी म्हटलं.

खोलीत लांब टेबल. पलीकडे तिघं, अलीकडे आम्ही दोघी. पाण्याचे पेले फक्त पलीकडे. कोपऱ्यात लिहून घ्यायला बसलेला कारकून आमच्याच गल्लीतला. मला बघून हसला. इथलं सगळं संध्याकाळी गल्लीभर होणार. तिथंच माझं मन फिरलं.

मधले सर म्हणाले, "आजी, पिंप कोणत्या हातानं ढवळता?"

"डाव्या. निळीला डावाच हात मानवतो."

"का बरं?"

"तसंच असतं."

त्यांनी अहवालाचं पान उलटलं आणि वाचलं, "'माझा उजवा मोडका, म्हणून मी डाव्यानं ढवळते. ज्याचे दोन्ही धड आहेत त्यानं खुशाल उजव्यानं ढवळावं. निळीला काय कळतंय.' आजी, तुमचा उजवा हात दाखवता जरा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. दाखवला. सरळ, धडधाकट. डाव्यानं ढवळून ढवळून माझा डावा खांदा कामातून गेलाय, आणि तो कशापायी गेला ते मला त्या टेबलाशी कळलं. तिचा वाकडा हात रोज डोळ्यांसमोर होता. मी बघितला तो फक्त नावं ठेवायला.

"ही बाई तुमची कोण? हिच्याकडून शिकलात का?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. कारकुनानं पेन उचललं.

"शिकले? ती आमच्याकडे कापडं वाळत घालायची," मी म्हटलं. "मी माझं सांगितलं. हिनं कुठनं काय उतरवलं ते मला काय ठाऊक? मी चौथी शिकलेली बाई."

सून रडली नाही. वही मिटली, टोपण लावलं.

प्रबंध रद्द झाला, वर दोन वर्षं बंदी. मुलगा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. सून आता पिंपाशी असते. उजव्या हातानं ढवळते. रंग तसाच उतरतो, तसूभर फिका नाही.

परवा एक जुनं गिऱ्हाईक मला म्हणालं, "काय रंग आहे हो तुमचा." मी तोंड उघडायच्या आत मागून ती म्हणाली, "थोरल्या सासूबाईंचा आहे. यांनी उतरवून घेतला." आवाज चढवला नाही, खाली टीप द्यावी तसं. आता येईल त्याला सांगते. एकालाही चुकवत नाही.

"घराबाहेर काढीन," मी म्हटलं.

"काढा की. आधी एकीला काढलंत, तेव्हा तुमचा डावा तरी धड होता. आता ढवळणार कोण?"

काल ती बाजारात गेल्यावर मी उजव्या हातानं ढवळून पाहिलं. जमत नाही.