उरलेला आकडा

देशाचं शेतीउत्पन्न वाढलं ते कशामुळे, हे आमच्या कार्यालयात ठरतं. वाढीतून जमिनीचा वाटा काढायचा, खताचा काढायचा, पाण्याचा काढायचा, राबणाऱ्या माणसांचा काढायचा. मग जे उरतं, ज्याचं कारण कुणालाच धड ठाऊक नसतं, त्याला ‘तंत्रज्ञानातली प्रगती’ म्हणायचं. नऊ वर्षं हा उरलेला आकडा मी काढते आहे. यंदा तो एवढा फुगला, की आमच्या चिक्कू साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला.

“बघा, शेतात माणसं एक तृतीयांश कमी आणि पीक दीडपट! यंत्रांनी कमाल केली!”

मी मान डोलावली. त्या कामात माझा हात कुणी धरणार नाही.

त्याच आठवड्यात मळणीयंत्रात वहिनीचा उजवा हात गेला, मनगटापासून. दादा कारखान्यात लागल्यापासून शेत तीच बघत होती. पेरणी, खुरपणी, फवारणी सगळं एकटीनं. आणि कमाल करणाऱ्या त्या यंत्राच्या तोंडात पेंढ्या कुणीतरी सारायच्या असतात.

शेतात राबणाऱ्यांना अपघाताची भरपाई मिळते. अर्ज घेऊन मी स्वतः भरपाईच्या खिडकीशी गेले. तिथल्या कारकुनानं शेतगणनेची नोंद उघडली.

“बाई, तुमच्या वहिनी शेतात काम करत नाहीत. घरीच असतात.”

“कुठल्या शहाण्यानं लिहिलंय हे?” माझा आवाज चढला.

त्यानं कागद माझ्याकडे फिरवला. खाली माझी सही होती.

सात वर्षांपूर्वी माणसं कमी पडली, म्हणून मला आमच्याच गावी गणनेला धाडलं होतं. नियम असा, की उत्तर कुटुंबप्रमुखानं द्यायचं. दादा कारखान्याला निघायच्या घाईत होता. “लिही, ती घरीच असते,” म्हणाला. मी लिहिलं. दुसऱ्यांच्या घरी तरी वर मान करून बघितलं असेल का मी? तिथले पुरुषही कारखान्यात, आणि बायका कागदावर घरीच. कमी झालेली माणसं ती हीच.

मी तडक साहेबांकडे गेले. “नोंद चुकली आहे. दुरुस्तीवर तुमची सही हवी.”

“एक दुरुस्त केली की सगळ्या कराव्या लागतील,” ते म्हणाले. “मग प्रगती कुठून दाखवू? अहवाल छापायला गेलाय.”

त्यांनी सही केली नाही. मला त्यांचा संताप आला, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

दवाखान्यात वहिनी खाटेवर बसून डाव्या हातानं केस विंचरायचा प्रयत्न करत होती.

“काय म्हणाले, वन्सं?”

“भरपाई मिळणार नाही. तू शेतात काम करत नाहीस, अशी नोंद आहे.”

“कुणी केली?”

“मी.”

तिनं फणी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, “तुम्ही गणनेला आलात, त्या दिवशी मी शेतातूनच तर आले होते. तुम्हाला चहा देत होते, तर तुम्हीच म्हणालात, चिखल लागलाय, आधी हात धुवून ये.”