पाच नंबरला हात

पहिल्या तपासणीत आम्ही नापास झालो ते ह्यांच्या चांगल्या वागण्यामुळे. हसू नका, खरंच सांगते. अपंगत्वाचा भत्ता मागायला गेलेला माणूस. डॉक्टर खोलीत आले तर हे उठून उभे! वर त्यांना विचारलं, "प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" जसं काही डॉक्टरच आमच्याकडे जेवायला आले होते. नंतर निकालाचा कागद आला. त्यात होतं, अर्जदार हसतमुख आहेत, खुर्चीतून स्वतः उठतात, भत्त्याची गरज दिसत नाही.

स्वतः उठतात म्हणे! माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली की विचारू नका.

आमचे हे हॉटेलात वेटर होते. साधे नव्हे, हेड वेटर. सगळे त्यांना कॅप्टन म्हणायचे, गल्लीतसुद्धा. आयुष्यभर एकच शिकले, की गिऱ्हाईकाला आपलं दुखणं दिसता कामा नये. बुटात पाय सुजलेले असोत, मालकाने नुकतंच झापलेलं असो, टेबलापाशी गेलं की चेहरा हसरा. मग मणक्यातली नस दबली, पायातलं बळ गेलं, बोटं बधीर झाली. एके दिवशी ग्लासांचा अख्खा ट्रे हातातून सुटला. मालक भला माणूस, त्याने गल्ल्यावर बसवून पाहिलं. पण ह्यांना बसवत नाही आणि बसलं तर उठवत नाही. शेवटी मालकाने हात जोडले. ह्यांनीच त्याची समजूत घातली, "अहो, चालायचंच." घरी आले आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आता ते पाच नंबरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हॉटेलात खांबाआड एक मोठं गोल टेबल होतं, पाच नंबरचं. तिथे नेहमी घोळका बसायचा. एकट्या वेटरच्या नाकी नऊ यायचे. मग तो येता-जाता दुसऱ्याच्या कानाशी हळूच म्हणायचा, "पाच नंबर." की दुसरा गुपचूप येऊन हात द्यायचा. पुढे पुढे ते टेबल रिकामं असलं तरी सगळे तसंच म्हणायला लागले. पाच नंबर म्हणजे, अडकलोय, हात दे, पण गिऱ्हाईकाला कळू देऊ नकोस.

ह्यांचे पाय पहिल्यांदा अडले ते न्हाणीघरात, स्टुलावर. मला वाटलं, साबण मागतील. तर आतून आवाज आला, "अगं, पाच नंबर!" मला हसूच फुटलं. तिथेच आमची पद्धत बसली. माझा पाय त्यांच्या चवड्याला आडवा, माझे हात त्यांच्या कोपरांखाली, त्यांनी श्वास सोडायचा आणि वर. इतकी सवय झाली की बघणाऱ्याला वाटावं, नवरा-बायको नुसते निघायला उठले. माझी नणंद एकदा म्हणाली, "वहिनी, ह्या वयातसुद्धा हातात हात? कमाल आहे बाई तुमची!" आम्ही दोघंही तिच्यासमोर छान लाजलो. हे तर जरा जास्तच.

डॉक्टरांसमोरही आम्ही तेच केलं होतं. उठताना हे पुटपुटले आणि माझे हात आपोआप गेले. बिचाऱ्या डॉक्टरांना दिसणार तरी कसं!

मी लाँड्रीत कामाला. दिवसभर इस्त्री, वाफेत उभं राहून. सकाळी ह्यांना खुर्चीत बसवून जायचं, संध्याकाळी येऊन उठवायचं. मधलं सगळं तसंच. भत्ता मिळाला तर मला अर्धा दिवस काम करून भागणार होतं. दुपारी घरी येता आलं असतं. बाकी मला काही नको होतं. एकदा मी घरी आले तर खुर्चीखालची फरशी ओली होती, पँटही. हे खिडकीकडे बघत म्हणाले, "पाणी सांडलं गं." टेबलावरचा ग्लास भरलेलाच होता. मी म्हटलं, "सांडतं पाणी." कपडे बदलले, फरशी पुसली. दोघंही त्यावर पुन्हा बोललो नाही. पण दुसऱ्याच दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन फेरतपासणीचा अर्ज टाकून आले.

तारीख मिळाली. त्या सकाळी मी त्यांना ठणकावून सांगितलं, "हे बघा, उभं राहायचं नाही. हसायचं नाही. 'बरं आहे' तर अजिबात म्हणायचं नाही."

"मग काय, रडू?"

"रडलात तर सोन्याहून पिवळं!"

"आणि शर्ट हा घालू? चुरगळलेला?"

"तोच. मुद्दाम काढलाय."

"लाँड्रीवालीचा नवरा ना मी?" म्हणाले. "तुझी अब्रू जाईल." आणि बसले हट्टाला. शेवटी मी चरफडत इस्त्री तापवली. शर्ट कडक करून घातला. दाढीही मीच करून दिली. तयार होऊन बसले तर असे टापटीप दिसले की मी कपाळावर हात मारला. ह्या माणसाला कोण देणार भत्ता!

कचेरीच्या बोळात लोखंडी खुर्च्यांची रांग होती, बिनहातांच्या. मी शिपायाला विचारलं, हातवाली एखादी आहे का. तो म्हणाला, "बाई, इथे सगळेच हातवाली मागतात." ह्यांना ते इतकं आवडलं की हसायला लागले. मी कोपराने ढोसलं.

ह्या वेळी तपासायला एक बाई होत्या. सर्दीने नाक लाल झालेलं, टेबलावर फायलींची चळत, बाजूला न उघडलेला डबा. वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या, माझ्यासारख्याच.

"कप उचलता येतो?"

"येतो की," हे म्हणाले.

"अर्धाच भरलेला," मी म्हटलं. "तोही दोन्ही हातांनी."

"तुम्ही थांबा. त्यांना बोलू द्या."

"चालता येतं?"

"घरात फिरतो थोडंफार."

"फिरतो कसला, भिंतीला..."

"बाई, तुम्ही मध्ये बोललात तर मला तुम्हाला बाहेर बसवावं लागेल."

झालं. माझ्या तोंडाला कुलूप. पुढचा एकेक प्रश्न येत होता आणि हे प्रत्येकाला गोड उत्तर देत होते. खोटं नव्हे हो, खोटं नाही बोलत ते. पण जेवण कसं होतं विचारल्यावर पाहुणा जसं "छान" म्हणतो, तसं सगळं छान. झोप छान. भूक छान. दुखतं का? थोडंसं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. अहो, ही गिऱ्हाईक नाही! ही विचारतेय, सांगा ना तिला! दुपारचं सांगा!

तेवढ्यात बाईंना शिंक आली. पेन टेबलावरून घरंगळलं आणि ह्यांच्या पायाशी पडलं.

गिऱ्हाईकाचा चमचा पडला तर गिऱ्हाईकाने वाकायच्या आत वेटरने वाकायचं. इतक्या वर्षांचं अंगवळण. मी "अहो" म्हणेपर्यंत हे खुर्चीवरून घसरून एका गुडघ्यावर गेलेसुद्धा. पेन उचललं, रुमालाने पुसलं आणि हसून पुढे केलं, "घ्या मॅडम."

"थँक यू," बाई म्हणाल्या आणि त्याच पेनने लिहायला लागल्या.

काय लिहिलं असेल ते मला न वाचताही कळलं. वाकून वस्तू उचलतात. गुडघ्यावर बसतात. संपलं. आता उरलेलं आयुष्य ह्यांनी दुपारी त्या खुर्चीत ओलं बसायचं आणि मी इस्त्री फिरवताना घड्याळाकडे बघायचं.

हे अजून खालीच होते. माझ्याकडे न बघताच, ओठ न हलवता म्हणाले, "पाच नंबर."

माझे हात निघाले होते. खरंच सांगते, अर्ध्यावर गेले होते. मी ते मागे घेतले आणि मांड्यांखाली दाबून त्यांवर बसले.

"पाच नंबर," हे पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. चेहऱ्यावर हसू तसंच.

बाईंनी मान वर केली. "पाच नंबर? ही सात नंबरची खोली आहे. तुम्हाला पाचमध्ये बोलावलं होतं का?"

ह्यांनी टेबलाची कड धरली. बोटं सरकली. पुन्हा धरली. बुटाचा तळ फरशीवर नुसता घासत राहिला. तो कडक इस्त्रीचा शर्ट पँटमधून निघाला, आत बांधलेला मणक्याचा पट्टा दिसायला लागला. मानेवरून घाम वाहत होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे हात कुठे आहेत तेही बघितलं. त्यांना समजलं.

त्यांचं हसू गेलं. परक्या माणसासमोर ते जाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. देवा, माझं काळीज तुटत होतं आणि मी ढिम्म बसून होते.

"मॅडम," हे म्हणाले, "मला उठता येत नाही."

बाईंचं पेन थांबलं. "घरी कोण उठवतं?"

"ही."

"दर वेळी?"

"दर वेळी. मागच्या वेळी त्या डॉक्टरांसमोरही हिनेच उठवलं होतं. त्यांना दिसलं नाही. आम्ही दिसू दिलं नाही."

"आणि ह्या कामावर जातात तेव्हा?"

ह्यांनी मान खाली घातली. गुडघ्यावरच होते अजून. "तेव्हा बसून राहतो. कपड्यांतच होतं मग. हिला वाटतं, मी पाणी सांडतो."

मला काही वाटत नव्हतं हो. मला सगळं माहीत होतं. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

बाई उठून टेबलाच्या ह्या बाजूला आल्या. मला म्हणाल्या, "आता उठवा त्यांना. रोज उठवता तसंच. मला बघू दे." मी पाय लावला, कोपरांखाली हात घातले. त्या दिवशी ते जड लागले. दोनदा प्रयत्न करावा लागला. बाईंनी तेही लिहिलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, रागावलात?" ते म्हणाले, "नाही. बरोबर केलंस तू." मग रस्ताभर रिक्षाच्या बाहेर बघत राहिले. मी त्यांचा शर्ट नीट खोचून दिला. दिला म्हणजे, त्यांनी खोचू दिला.

भत्ता मंजूर झाला. मी आता अर्धा दिवस जाते, दुपारी घरी असते. फरशी कोरडी असते. नणंदेने फोन करून अभिनंदन केलं, जसं काही आम्हाला पोरगं झालं. मी चांगलं झालं म्हणते आणि ते खरंच चांगलं झालं. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा हातांवर बसेन. त्यात मला शंका नाही.

पण हे आता 'पाच नंबर' म्हणत नाहीत. उठायचं असलं की सरळ हाक मारतात, "अगं, उठव मला." मी शेगडीपाशी असले तर थांबून राहतात, कुरकुर नाही काही. नणंद आलेली असली तरी तिच्यासमोर तसंच म्हणतात.

परवा मला राहवलं नाही. ते खुर्चीत सावरून बसत होते, उठायचंय ते मला दिसत होतं. मी दारातूनच म्हटलं, "काय कॅप्टन, पाच नंबर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हॉटेल बंद व्हायच्या वेळेला कुणी जेवायला आलं तर बघावं, तसं.

"ते टेबल काढलं गं," म्हणाले.

मग त्यांनी हात पुढे केले. मी पाय लावला, त्यांनी श्वास सोडला आणि मी त्यांना उठवलं.