एमिल डोंगरावर असताना

एकोणीसशे दहाच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या आयडाहोच्या डोंगरांत धूर नुसता कोंडला होता. दिवसासुद्धा दिवा लावून स्वयंपाक करायचा. माझा नवरा एमिल जंगलखात्याच्या टोळीबरोबर आग अडवायला वर गेलेला. लाकूडगिरणीवाला हॅस्केल कुंपणाशी थांबून चिडवायचा, "काय टेक्लाबाई, सरकारच्या झाडांची राखण करायला गेला वाटतं नवरा? मला तोडू दिली असती, तर जळायला उरलं काय असतं?"

ऑगस्टातल्या एका शनिवारी वारा सुटला. छपराच्या फळ्या उडाल्या. पश्चिमेचा कडा लाल झाला आणि तिकडून आगगाडी धडधडत यावी तसा आवाज येऊ लागला. मी ब्लँकेटं उचलली. सासूबाई हलेनात.

"एमिल आला आणि घर रिकामं दिसलं तर?"

"घरच उरायचं नाही! उठा!"

"ओरडू नकोस माझ्यावर."

"सासूबाई, उठा म्हणते ना!"

दंडाला धरून त्यांना ओढ्यावर नेलं; पाणी जेमतेम गुडघाभर. त्यात आडव्या झालो, वर ओली ब्लँकेटं. ती वाळायची, पुन्हा बुडवायची. मेलेले मासे अंगाला लागत होते. सासूबाई सारख्या विचारायच्या, "त्याच्याजवळ पाणी असेल ना गं?"

"असेल," मी म्हणत राहिले. मला काय ठाऊक?

उजाडलं तेव्हा जंगल नव्हतं, नुसते काळे खांब. पुढच्या आठवड्यात एमिल आला, एका सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांना पट्टी बांधलेली. टोळीतले बाकीचे आलेच नाहीत.

हिवाळ्यात गावच्या सभेत हॅस्केल म्हणाला, "सरकारला राखता आलं नाही. उरलेलं जंगल आम्हाला तोडायला द्या." माना डोलल्या. मी उभी राहिले.

"तुझ्या स्वतःच्या रानातल्या तोडीच्या वाळक्या फांद्यांचे ढीग आधी पेटले, हॅस्केल. आणि एमिलच्या टोळीला धड फावडी नव्हती. माणसं द्या, वर जायला वाटा काढा, मग बोला."

"बाई, खाली बसा!" कोणीतरी ओरडलं.

"नाही बसायची ती," सासूबाई म्हणाल्या.

अशा सभा गावोगाव झाल्या म्हणे. पुढे वॉशिंग्टनहून जंगलांसाठी पैसा आला, आमच्या सुळक्यावर आगीवर नजर ठेवायला उंच खांबांवर टेहळणीची खोली उभी राहिली. एमिलला लांबचं दिसत नाही, म्हणून तिथली नोकरी मी धरली. तो खाली चूल सांभाळतो.

उन्हाळ्यात दरीत काही पांढरं दिसलं की मी खिडकीशी जाऊन बघत राहते.

"धूर आहे का गं?" एमिल खालून विचारतो.

"धुकं आहे," मी म्हणते. पण ते विरेपर्यंत जिना उतरत नाही.